दगड म्हातारे, दरी तरुण: ग्रँड कॅनियन एका दिवसात समजून घेताना

अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन या दरीच्या काठावर, मॅथर पॉईंटच्या कठड्यापाशी बाबा पाचेक मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग एकदम म्हणाले, "अरे, पण एवढी माती गेली कुठे?"

आजूबाजूला सगळं जग वॉव वॉव करत सेल्फी काढत होतं आणि आमच्या संगमनेरच्या शेतकऱ्याला प्रश्न पडला तो हा. बरोबरच आहे म्हणा, विहीर खणली की शेजारी मुरमाचा ढीग पडलेला असतोच, मग इथे एवढं खणलंय तर त्याचा ढीग कुठाय? मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, "वाहून गेली ओ नदीतून" असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नंतर घरी येऊन वाचत बसलो, पुन्हा दोनदा जाऊन आलो, आणि आता माझं ठाम मत झालंय की ग्रँड कॅनियनसमोर उभं राहून विचारायचा खरा प्रश्न बाबांचाच होता. तर जेवढं समजलं तेवढं सांगतो, जिऑलॉजीचं पुस्तक न उघडता.

आधी आकार बघू, कारण तिथे डोळा साफ फसतो. दरी ४४६ किलोमीटर लांब, सगळ्यात रुंद जागी २९ किलोमीटर, आणि खोली साधारण १.६ किलोमीटर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर समुद्राच्या पातळीपासून उचलून आत ठेवलं तर जेमतेम टोक बाहेर येईल न येईल. पण हे कठड्यावरून कळत नाही हो! कारण तुलना करायला आत ओळखीचं काही नसतं, ना घर ना विजेचा खांब. १५४० साली गार्सिया लोपेस दे कार्देनास नावाचा स्पॅनिश सरदार इथल्या होपी जमातीच्या वाटाड्यांबरोबर इथे पोचला तेव्हा त्याच्या लोकांना खालची नदी वरून सहा फुटांच्या ओहोळासारखी वाटली, तिघं जण उतरायला गेले, एक तृतीयांश उतरून दमून परत आले आणि म्हणाले की वरून माणसाएवढे वाटत होते ते दगड स्पेनमधल्या सेव्हिलच्या मोठ्या मनोऱ्यापेक्षा उंच आहेत. जवळजवळ पाचशे वर्षं झाली, अजूनही प्रत्येक टुरिस्टचं हेच होतं.

आता मुख्य गोष्ट, जी मला पहिल्या खेपेला कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. इथे दोन वेगवेगळी वयं आहेत आणि लोक त्यांची कायम मिसळ करतात. एक दगडांचं वय, दुसरं दरीचं वय. कुणी म्हणतं ग्रँड कॅनियन १८० कोटी वर्षं जुना, कुणी म्हणतं ५०-६० लाख, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. तुमच्या आजीने दिलेली जुनी साडी आज सकाळी खिळ्याला अडकून फाटली, तर साडीचं वय साठ वर्षं आणि फाटल्याचं वय अर्धा दिवस. दगड म्हणजे साडी, दरी म्हणजे ती फाटलेली जागा. बस, एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

हे पायाने मोजायची सोय पण तिथे आहे, आणि माझ्या मते अख्ख्या साऊथ रिमवर, म्हणजे दक्षिण काठावर, याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. यावापाई पॉईंटला छोटं जिऑलॉजी म्युझियम आहे, तिथून गावाच्या दिशेने कडेकडेने एक डांबरी पायवाट जाते, तिचं नाव ट्रेल ऑफ टाइम. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, जमिनीत पितळी खुणा ठोकल्यात, आणि खालून प्रत्येक थराचा दगड आणून ज्याच्या त्याच्या वयापाशी मांडलाय, हात लावून बघता येतो. "आज" या बिंदूपासून निघायचं आणि काळात मागे मागे चालायचं. आपली माणसांची जात म्हणजे साधारण तीन लाख वर्षं, तर ती पहिल्या एका फुटातच संपते. पाच-सहा मीटर चाललात की ही दरी खोदायला सुरुवात झाली तो काळ. ६६ मीटरवर डायनोसॉर गेले, आणि साधारण त्याच सुमाराला आपल्याकडे लाव्हा ओतला जाऊन दख्खनचं पठार, म्हणजे आपला सह्याद्री तयार होत होता. आणि तुम्ही आत्ता ज्या दगडावर उभे आहात, म्हणजे कॅनियनचा सगळ्यात वरचा, सगळ्यात तरुण थर, तो यायला २७० मीटर चालावं लागतं! थोडक्यात इथलं सगळ्यात लहान पोरगं आपल्या सह्याद्रीच्या चौपट वयाचं आहे. तळाचे दगड भेटायला तर पावणेदोन किलोमीटर तंगडतोड. आई अर्ध्यात बाकावर बसली, म्हणाली तुम्ही या जाऊन त्या जुन्या दगडाला भेटून.

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. इथे डायनोसॉरचं एकही हाड सापडत नाही, पोरं विचारतात म्हणून सांगतो. हे सगळे थर डायनोसॉर जन्माला यायच्या आधीचेच आहेत.

आता थर. सह्याद्रीत कोकणकड्यापाशी उभं राहिलं की तिथेही आडव्या पट्ट्या दिसतात, त्यामुळे मराठी माणसाला इथे लगेच ओळखीचं वाटतं, पण मामला वेगळा आहे. आपल्याकडचे थर लाव्ह्याचे, एकावर एक ओतलेले, जवळजवळ सगळे एकाच जातीचे काळे. इथले बहुतेक थर गाळाचे, आणि प्रत्येक थर वेगळ्या जगात तयार झालेला. सगळ्यात वरचा कैबाब चुनखडक, फिकट पिवळट, हा उथळ समुद्राच्या तळाशी साचला, त्यात शिंपल्यांचे, स्पंजांचे जीवाश्म मिळतात, समुद्रसपाटीपासून २,१०० मीटर उंचीवर! थोडं खाली कोकोनिनो वालुकाश्म, पांढरट, लांबून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत कडा दिसतो तो, ही सगळी वाळवंटातली वाळू, टेकड्यांच्या तिरक्या रेघा आजही दिसतात आणि त्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पावलांचे ठसे आहेत. त्याच्या खाली लाल मऊ थर, हे नदीकाठचे दलदलीचे प्रदेश. म्हणजे एकाच जागेवर आधी दलदल, मग वाळवंट, मग समुद्र. जागा तीच, भाडेकरू बदलत गेले.

मधोमध जो उंचच्या उंच लालभडक कडा दिसतो त्याचं नाव रेडवॉल, आणि तो लाल नाहीच, हा माझा आवडता किस्सा. मुळात तो राखाडी चुनखडक आहे. वरच्या थरांतलं लोखंड गंजून पावसाच्या पाण्याबरोबर खाली ओघळलं आणि बाहेरून त्याला रंग चढला. आपल्या बिल्डिंगला खिडकीच्या गंजक्या ग्रिलखाली भिंतीवर तांबडे ओघळ येतात ना, तस्सं. फक्त इथे भिंत दीडशे मीटरच्या वर उंच आहे.

आणि सगळ्यात खाली, नदीच्या दोन्ही बाजूंना, आडव्या रेघा एकदम संपतात आणि काळपट, उभा, पिळवटलेला दगड सुरू होतो. हे कधीकाळच्या डोंगररांगेचे पाय आहेत, जमिनीत खोल भाजून, दाबून बदललेला दगड, वय साधारण १७५ कोटी वर्षं. त्याच्यावर जो आडवा थर थेट बसलाय तो ५०-५२ कोटींचा. मग मधली जवळजवळ १२० कोटी वर्षं? गायब. वहीतली पानं फाडल्यासारखी. त्या काळात थर झाले नाहीत असं नाही, पूर्वेला डेझर्ट व्ह्यूच्या बाजूला त्यातले काही तिरके कललेले थर अजून शिल्लक दिसतात, पण बाकी ठिकाणी ते धुपून साफ झाले आणि मग समुद्र परत आला आणि त्याने नवीन वाळू अंथरली. हात लावला तर अंगठा एका जगात आणि करंगळी दुसऱ्या जगात.

त्या काळ्या दगडाचं नाव ऐकून आई उठून उभी राहिली. विष्णू शिस्ट! म्हणजे खरंच आपला विष्णू. झालं असं की १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाचा सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ इथे सर्व्हे करत होता, आणि दरीतले सुटे उभे राहिलेले सुळके बघून त्याला पूर्वेकडची देवळं आठवली, त्याने विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी नावं ठेवून दिली. पुढे तीच प्रथा पडली, दगडालाही विष्णूचं नाव मिळालं, आणि नकाशावर आज ब्रह्मा, बुद्ध, झोरोआस्टर (म्हणजे पारशांचा झरथुष्ट्र), शिवाय राम आणि कृष्णाच्या नावाचे सुळके सुद्धा आहेत. याकी पॉईंटवरून विष्णू टेंपल दिसतं, आईने तिथूनच हात जोडले. मला मात्र एक खटकतं ते सांगतो, इथे हवासुपाई, हुआलपाई, होपी, नवाहो हे लोक कितीतरी आधीपासून राहतायत, त्यांची स्वतःची नावं होती, आणि साहेबाने त्यांना न विचारता दुसऱ्याच देशाचे देव आणून बसवले. आपल्याला गंमत वाटते, त्यांना काय वाटत असेल.

बरं, थर झाले. दरी कशी झाली?

तीन गोष्टी लागतात: उंची, पाणी आणि पाण्याला हत्यार. उंची आधी. समुद्राच्या तळाशी साचलेला दगड दोन किलोमीटर वर कसा आला? पश्चिम अमेरिकेतला हा अख्खा भाग, कोलोरॅडो प्लॅटो, गेल्या सात-आठ कोटी वर्षांत टप्प्याटप्प्याने वर उचलला गेला. हिमालयात चादर ढकलल्यासारख्या घड्या पडल्या, इथे मात्र भरलेलं ताट न हिंदकळता उचलावं तसं झालं, म्हणून थर अजून बऱ्यापैकी सपाट आहेत. म्हणूनच गाडीने जाताना शेवटच्या मिनिटापर्यंत काही दिसत नाही, दोन्ही बाजूंना पाईनची झाडं, सपाट रस्ता, पार्किंग, आणि मग चार पावलांवर जमीनच संपते.

जमीन उंच आणि समुद्र खाली म्हटल्यावर नदीला जोर येतो. पण निव्वळ पाणी दगड कापत नाही. निघोजचे रांजणखळगे बघितलेत का? कुकडी नदीच्या पात्रात काळ्या बेसॉल्टला जी रांजणासारखी भोकं पडलीत ती पाण्याने नाही, पाण्यात गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी पाडलीत. कोलोरॅडो नदीने तेच केलं, रॉकी पर्वतातून वाळू, खडी, गोटे घेऊन आली आणि सँडपेपरसारखा तळ घासत राहिली. कोलोरॅडो या शब्दाचा अर्थच स्पॅनिशमध्ये तांबूस, एवढा गाळ असायचा तिच्यात.

पण नदीने फक्त खाली कापलं. नदी स्वतः शंभरेक मीटर रुंद, मग दरी २९ किलोमीटर रुंद कशी? रुंदी नदीने केली नाही, ती आजूबाजूने ढासळत गेली. हिवाळ्यात वर बर्फ पडतो, फटीत पाणी शिरतं, गोठून फुगतं आणि दगड फोडतं. पावसाळ्यात वळवासारख्या सरी येतात, झाडोरा कमी असल्याने पाणी मुरत नाही, बाजूच्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात आणि घराएवढे दगड मुख्य नदीत आणून टाकतात, राफ्टिंगवाले जिथे ओरडतात ते रॅपिड्स बहुतेक अशाच ढिगांमुळे झालेत. मऊ थर लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. कडक थर तग धरतो, त्याचा कडा होतो. मग खालचा मऊ थर निघून गेला की वरचा कडक कडा निराधार होऊन कोसळतो. म्हणून हा पायऱ्यांचा आकार. भरपूर पावसाचा प्रदेश असता तर पायऱ्यांच्या या धारा एवढ्या राहिल्या नसत्या, उतार गोल झाले असते आणि वर हिरवळ आली असती.

एक बारकावा बघा, नदी दरीच्या मधोमध नाही, दक्षिण काठाच्या बरीच जवळ आहे. का? जमीन एकूण दक्षिणेकडे कललेली आहे, उत्तर काठ दक्षिण काठापेक्षा ३०० मीटर उंच आहे. त्यामुळे उत्तरेकडचं पावसाचं पाणी दरीत पडतं आणि ती बाजू खात सुटतं, तर दक्षिणेकडचं पाणी दरीपासून लांब निघून जातं. एकीकडून उंदीर कुरतडतोय आणि दुसरीकडून नाही, असं.

आता भांडण. शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाहीये. दरी जिथे पश्चिमेला संपते तिथल्या गाळाच्या थरांत ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंत कोलोरॅडो नदीचा मागमूस नाही, म्हणजे त्याआधी ही नदी तिथून बाहेर पडतच नव्हती, म्हणून बहुतेक जण ५०-६० लाख म्हणतात. पण २०१२ मध्ये काही संशोधकांनी दगडांतल्या खनिजांवरून ते कधी थंड झाले, म्हणजे जमिनीच्या जवळ कधी आले ते मोजलं आणि म्हणाले पश्चिमेची दरी ७ कोटी वर्षांपूर्वीच बऱ्यापैकी कापलेली होती. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने तडजोडीसारखं उत्तर दिलं, काही तुकडे जुने, काही नवे, आणि ५०-६० लाख वर्षांपूर्वी नदीने ते सगळे जोडून एक केले. मला हे पटतं, जुनी वेगवेगळी गाडीवाट असते आणि मग एक दिवस हायवे खातं येऊन त्यांचाच एक रस्ता करतं तसं. पण नदी मधल्या कैबाबच्या फुगवट्यातून, म्हणजे वर उचललेल्या जमिनीच्या उंचवट्यातून, आरपार कशी गेली, आधीपासून होती की दुसऱ्या नदीने तिला पळवलं की वरचं तळं भरून ओसंडलं, यावर अजून वाद चालूच आहे.

आता एका दिवसाचं बोलू, थोडक्यात, कारण लोक इथेच चुकतात. लास वेगासवरून साऊथ रिम साडेचार तास एका बाजूला, जाऊन-येऊन एका दिवसात करू नका, नऊ तास गाडीत आणि दोन तास दरीत होतील. फिनिक्सवरून साडेतीन तास, फ्लॅगस्टाफवरून दीड, फ्लॅगस्टाफला मुक्काम केला तर उत्तम. आणि ते काचेचं स्कायवॉक नॅशनल पार्कमध्ये नाहीच, ते पश्चिमेला हुआलपाई लोकांच्या जमिनीवर आहे, वेगळं तिकीट, वेगळा रस्ता, आमच्या ओळखीचे एक कुटुंब साऊथ रिमला येऊन अर्धा तास स्कायवॉक शोधत होतं. पार्कची फी गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालते, पण २०२६ पासून परदेशी पाहुण्यांना जास्तीची फी लावलीये, आई-बाबा येणार असतील तर आधी साईट बघून घ्या.

आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो होतो, पहाटे चारला निघून. सकाळी मॅथर आणि यावापाई, मग वरची ती काळाची पायवाट, दुपारी घरून नेलेले ठेपले आणि लोणचं (चटणी आईने फ्लॅगस्टाफलाच संपवली होती), मग शटल बसने याकी पॉईंट, कारण तिथे खाजगी गाडी सोडत नाहीत. शेवटी ४० किलोमीटर पूर्वेला डेझर्ट व्ह्यू, तिथे मेरी कोल्टर या वास्तुविशारद बाईंनी १९३२ साली बांधलेला दगडी मनोरा आहे आणि आत होपी चित्रकार फ्रेड कबोटी यांनी काढलेली चित्रं आहेत. तिथून नदी छान दिसते. सूर्यास्ताला गर्दी होपी पॉईंटला असते, पण तिथून परतीच्या बसला लांब रांग लागते, ज्येष्ठ मंडळी असतील तर विचार करा.

खाली उतरायचं असेल तर साऊथ कैबाब ट्रेलवर दीड किलोमीटरभर, ऊ-आ पॉईंटपर्यंत जा आणि परत या, तेवढ्यात वरचे काही थर बघून होतात. पण गडावर आपण आधी चढतो, दमलो की उतरतो. इथे उलटं आहे, आधी उतार, मजा, आणि दमल्यावर चढ. वेळ दुप्पट धरा. शिवाय जितकं खाली तितकं गरम, तळाशी वरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त, उन्हाळ्यात चाळिशीच्या पार, आणि या ट्रेलवर पाणी मिळत नाही. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन वर येऊ नका हे पार्कवाले जागोजागी लिहून ठेवतात, तरी दरवर्षी तरुण, तगडे लोकच अडकतात.

तर बाबांचा प्रश्न. माती गेली कुठे?

नदी दक्षिणेला कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे जाते. ते आखात पूर्वी आणखी उत्तरेपर्यंत होतं. नदीने एवढा गाळ आणून ओतला की आखाताच्या मधोमध जणू बांधच घातला, उत्तरेकडचा तुकडा समुद्रापासून तुटून सुकला, आणि आज तिथे इंपीरियल व्हॅली आहे, समुद्रसपाटीच्या खाली, मैलोन् मैल शेतं. अमेरिकेत हिवाळ्यात जो लेट्यूस खातात त्यातला कितीतरी तिथला आणि शेजारच्या युमाचा. म्हणजे बाबांचा ढीग आहे, फक्त कित्येक मैल लांब आहे आणि त्यावर कालवा फिरवून भाजी लावलीये. फोनवर हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले, म्हणाले मग ठीक आहे, वाया नाही गेली.

मग मी पुढचंही सांगितलं. १९६३ साली दरीच्या वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली, तेव्हापासून वरून येणारा गाळ तिथेच बसतो आणि खाली दरीतून गार, हिरवट, नितळ पाणी जातं, तांबूस नदी आता पाऊस पडून ओढे आले तरच तांबूस दिसते. काठावरची वाळू धुपत चालली म्हणून १९९६ पासून अधूनमधून मुद्दाम धरणातून पूर सोडतात, उरलीसुरली वाळू उचलून काठावर बसावी म्हणून. आणि खाली एवढं पाणी वापरतात की नदी बहुतेक वर्षं समुद्रापर्यंत पोचतच नाही.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे यांचं पण धरण गाळाने भरतंय म्हण की. काढत नाहीत का रे तो, शेतात टाकायला?"